गुडघ्याचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी घर जमिनीवरून वर उचला

सोलापुरातलं निम्मं आयुष्य जमिनीवर चालतं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या त्या जमिनीवर, पंगत जमिनीवर, पूजा आणि नमाज जमिनीवर, दुपारची झोपही सतरंजीवर. जुन्या घरांतला संडास उकिडवं बसायचा. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलला की पहिले दोन-तीन महिने यातलं एकही काम जुन्या पद्धतीने जमत नाही, आणि बरीचशी कामं पुढेही खुर्चीवर बसूनच करायची असतात.

ऑपरेशन दीड-दोन तासांत उरकतं. घोटाळे होतात ते बहुतेक नंतर, घरात. रात्री मोरीकडे जाताना पाय घसरतो. पलंग बुटका म्हणून उठताना तोल जातो. दुखतं म्हणून व्यायाम टाळला जातो आणि गुडघा कायमचा थोडा वाकलेलाच राहतो. त्यामुळे तयारीची सुरुवात हॉस्पिटलच्या दारात करू नका, स्वतःच्या उंबऱ्यापासून करा आणि महिनाभर आधी करा.

इथली माहिती मुख्यतः ठरवून केलेल्या सांधेरोपणासाठी आहे. पडून हाड मोडलं असेल तर त्याचं गणित वेगळं, ते शेवटी दिलं आहे. तुमच्या सर्जनने एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिला आहे.

महिनाभर आधी: रक्त, दात, कातडी आणि मिश्री

सांध्यात बसवलेल्या धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा तिथे चिकटले की अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि मग पुन्हा उघडून धुवावं लागतं, कधी सांधाच काढावा लागतो. ऑपरेशनआधीच्या बहुतेक तपासण्यांचा रोख हे टाळण्याकडे असतो.

साखर: फक्त त्या दिवशीची नको, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासा. बहुतेक सर्जन ती ७.५ ते ८ च्या खाली आल्याशिवाय ठरवून करायचं ऑपरेशन करत नाहीत. साखर चढी असेल तर महिना-दोन महिने थांबण्यात शहाणपण आहे. गुडघा दहा वर्षं दुखतोय, आणखी दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

हिमोग्लोबिन: बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर कारण शोधून आधी वाढवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीने संडास काळी होते, घाबरायचं कारण नाही.

दुखरी दाढ, हिरड्यांतला पू, लघवीची जळजळ, जांघेतला नायटा, टाचेच्या खोल भेगा, नखाच्या कडेचं पिकणं यातलं काहीही लपवू नका. जंतू इथूनच रक्तात शिरतात. दाढ काढायची असेल तर आधी काढा आणि जखम भरू द्या.

तंबाखू सोडा, निदान ४ आठवडे आधी आणि ६ आठवडे नंतर. सिगारेट-विडीच नाही, मिश्री, मावा, गुटखा हे सगळं त्यात आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जखम उशिरा भरते आणि मोडलेलं हाड उशिरा जुळतं. घरातल्या आजी ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते’ असं डॉक्टरांना सांगतात. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते. दात घासायला साधी पेस्ट घ्या आणि सकाळची तलफ येईल तेव्हा तोंडात बडीशेप, लवंग धरा.

आणखी एक, जे फार कमी लोक करतात: व्यायाम आधीच शिकून घ्या. मांडीचा पुढचा स्नायू आधीपासून घट्ट असेल तर नंतर पायावर उभं राहणं खूप सोपं जातं. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबा, ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीत बसून पाय सरळ करा, तसंच ५ आकडे धरा. हातांसाठी, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अंग थोडं वर उचला. नंतर वॉकरवर हेच हात कामाला येतात.

औषधांची यादी कागदावर

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून भूलतज्ज्ञासमोर ठेवा. वैद्याचा काढा, ‘सांधेदुखीची पुडी’, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, सगळं सांगा. बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड सापडतं, आणि ते महिनोन्‌महिने घेतलं असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं ठरवायचं ते डॉक्टरांनीच. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवायची पद्धत आहे. पण हृदयात स्टेंट असेल तर आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. हृदयाच्या आणि हाडाच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या.

मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर ती मुद्दाम सांगा. या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटर बघून ते कळत नाही. वजन किंवा साखर कमी करायला आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

घर: टेप घेऊन फिरा

एका दुपारी मोजायची टेप घ्या आणि पेशंट ज्या वाटेने फिरणार ती पलंग, संडास, न्हाणी, जेवायची जागा अशी सगळी वाट मोजा.

बसायची उंची १८ ते २० इंच. पेशंट उंच असेल तर जास्त. खूण सोपी आहे: बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. गादी दबते, म्हणून उंची पेशंटला वर बसवून मोजा. पलंग बुटका असेल तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे द्या, वरून खोलगट कोरलेले, म्हणजे पाय सरकत नाही. नुसत्या विटा ठेवू नका, त्या फुटतात आणि हलतात. सुताची बाज, दबणारा सोफा, झोपाळा तीन महिने विसरा. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात हवेतच. प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते. लाकडी किंवा लोखंडी घ्या.

संडासला उकिडवं बसणं पूर्ण बंद. कमोड बसवणं शक्य असेल तर आधीच बसवा, पेशंट घरी आल्यावर गवंडी बोलावू नका. जागा नसेल तर भांडं असलेली कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. भारतीय पॅनवर ठेवायचा स्टूलही चालतो, पण त्याच्या पायांना रबरी बूच आहेत का आणि ओल्या फरशीवर तो घट्ट बसतो का हे धडधाकट माणसाने आधी बसून पाहावं. भिंतीतली दांडी पेशंटचं सगळं वजन पेलेल अशी, विटेत एक्स्पान्शन बोल्टने बसवलेली हवी. टॉवेल वाळवायच्या दांडीला धरून उठायला गेलं की ती दांडी निघून हातात येते.

दाराची रुंदी मोजा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत न्हाणीचं दार अरुंद असतं आणि वॉकर त्यात अडकतो. मग लोक वॉकर बाहेर ठेवून भिंतीला धरून आत जातात, आणि पडतात तिथेच. दारातून जाईल असा अरुंद वॉकर आधीच बघून घ्या.

शहाबादी फरशी ओली झाली की चक्क साबणासारखी होते. न्हाणीत रबरी जाळीची चटई टाका. घरातली पायपुसणी, सतरंज्या, दारातली वायर उचला. आणि उन्हाळ्यात कूलर! कूलरच्या खाली ठिबकलेलं पाणी रात्री दिसत नाही. कूलर पेशंटच्या वाटेवर ठेवू नका, रात्री लहान दिवा चालू ठेवा.

पाण्याचं आधी ठरवा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की पिंपं, हंडे, बादल्या भरायची धावपळ उडते. ज्या बाईचा गुडघा बदलला आहे तीच ती धावपळ करत आली असेल तर पाण्याचा दिवस आला की ती उठणारच, तिला राहवणार नाही. म्हणून कोण भरणार हे नावानिशी ठरवा. स्वयंपाकाचंही तसंच: रोज लागणारे डबे कंबर ते खांदा या उंचीत लावा, गॅस खाली असेल तर ओट्यावर घ्या.

ऑपरेशन कोणत्या ऋतूत करायचं, असं सगळेच विचारतात. उन्हाळ्यात जखम चिघळतेच असं काही नाही. पण आपला एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो, घामाने पट्टी ओली राहते आणि पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. निवड हातात असेल तर आम्ही पावसाळ्यानंतरचा काळ सुचवू. फक्त जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत टाके काढायची तारीख येत असेल तर सिद्धेश्वर मंदिराकडच्या रस्त्यांची गर्दी धरून निघा.

पैसे आणि कागद

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये तुमचं ऑपरेशन बसतं का, आणि कोणत्या हॉस्पिटलमध्ये बसतं, हे भरती होण्याआधी विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि तपासणीचे कागद घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी आधी लागते, मागाहून बिल देऊन पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, इथे हाडांचा स्वतंत्र विभाग आहे आणि ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे.

खासगीत करत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा, पॅकेजमध्ये मिसळलेली नको. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, आकार आणि बॅच नंबरचे स्टिकर असतात. ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

पुण्याला जाऊन ऑपरेशन करायचा विचार असेल तर २५० किलोमीटरचं अंतर हिशेबात धरा. टाके काढायला, पट्टी ओली झाली तर, ताप आला तर, प्रत्येक वेळी पाच तासांचा प्रवास. गुंतागुंतीची केस असेल तर जरूर जा. साध्या पहिल्या गुडघ्यासाठी घराजवळचा, फोन उचलणारा सर्जन जास्त कामाचा, असं आमचं मत आहे.

आदला दिवस आणि ती सकाळ

क्लोरहेक्सिडीन असलेला साबण दिला असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी अशी दोन वेळा अंघोळ करा. साबण अंगावर दोन-तीन मिनिटं राहू द्या, मग धुवा. नंतर तेल, पावडर, क्रीम काही लावू नका. पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडने डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. हॉस्पिटलात मशिनने कापतात.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ घरी काढून ठेवा. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावरच्या धातूमुळे चटका बसू शकतो. वर्षानुवर्षं घातलेली जोडवी निघतच नसतील तर आठवडाभर आधी सोनाराकडे जा. ऐनवेळी ऑपरेशन थिएटरच्या दारात कापायची वेळ आली की बाईच्या जिवाला फार लागतं. नखांवरचं नेलपॉलिश आणि गडद मेंदी नको, बोटाला लावलेल्या चिमट्याला ऑक्सिजन मोजायला अडथळा येतो. कवळी, चष्मा, कानाचं यंत्र डबीत ठेवा.

उपाशी राहायचं गणित असं: तेलकट, मटण, पोटभर जेवण ८ तास आधी बंद. हलकं खाणं आणि दूध घातलेला चहा ६ तास आधी बंद. नुसतं पाणी बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञाने सांगितलेली वेळ शेवटची. ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणून गुपचूप देऊ नका. भूल दिल्यावर उलटी झाली तर ते फुप्फुसात जातं. चुकून प्यायला दिलाच असेल तर सांगा. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, एवढंच.

थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जन पायावर पेनाने खूण करतात. नाव, गाव आणि कोणता पाय, हे पेशंटने स्वतः मोठ्याने सांगायचं. चार जणांनी चारदा विचारलं तरी कंटाळू नका.

भूल बहुधा कंबरेतून देतात. दोन ते चार तास पाय बधिर राहतात. त्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर दुखते हा समज खोटा आहे. पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा, नंतर लघवी अडकते.

वॉर्डातले दिवस

पायात भान आलं की पहिलं काम: घोटा वर-खाली हलवायचा. जागेपणी दर तासाला १५-२० वेळा. पोटरीतल्या शिरांमध्ये रक्त साकळू नये म्हणून हा व्यायाम आहे, आणि तो इतका सोपा की लोक त्याला व्यायामच मानत नाहीत. नातेवाइकांनी आठवण करून देत राहावं.

बहुतेक पेशंटना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. ‘आज नको, उद्या चालू’ असं म्हणून डॉक्टरांना विनवू नका. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, शिरांत रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा होतात.

गुडघा बदललेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना: गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं, म्हणून घरचे लोक प्रेमाने ठेवतात, आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. उशी ठेवायची तर टाचेखाली. आपला जाड सोलापुरी टॉवेल गुंडाळून घोट्याखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, तो आपल्या वजनाने सरळ होतो. दिवसातून तीन-चार वेळा, १०-१० मिनिटं. गुडघा वाकवण्यासाठी पुढे बराच काळ मिळतो. सरळ करण्याची खरी संधी पहिल्या सहा आठवड्यांत असते, नंतर फार जड जातं.

खुबा बदललेल्यांचे नियम वेगळे. सांधा मागच्या बाजूने बसवला असेल तर पहिले ६ ते १२ आठवडे तो निखळू शकतो. तीन गोष्टी टाळा: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, आणि पाऊल आत वळवणं. वाकून चप्पल घालायची नाही, पडलेली वस्तू उचलायची नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. समोरून बसवला असेल तर नियम थोडे निराळे, म्हणून डिस्चार्जच्या आधी विचारून लिहून घ्या.

घरी जाताना

गाडी भाड्याने करा, कारची पुढची सीट मागे सरकवून थोडी कललेली ठेवा. पाठ सीटकडे करून आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं. निघण्याआधी ती काढून टाका. रिक्षा नको. आत पाय लांब करायला जागा नसते आणि आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा सांध्याला कळतो. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडे जायचं असेल तर तासाभराने थांबून घोटे हलवा, चार पावलं चाला.

वॉकरची उंची: ताठ उभं राहून हात सैल सोडा, वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंच असेल तर खांदे दुखतात, बुटका असेल तर माणूस पुढे वाकून चालतो. क्रम असा: वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वळताना पायावर गिरकी घेऊ नका, लहान लहान पावलांनी वळा. काठीवर आलात की काठी ऑपरेशनच्या पायाच्या उलट्या हातात धरा. बहुतेक लोक चुकतात ते इथे.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वॉकर घेऊन जिना चढायचा नाही. एका हाताने कठडा धरा, दुसऱ्या हातात काठी, आणि सोबतीचा माणूस चढताना मागे, उतरताना पुढे.

दुखणं, बर्फ, जखम, जेवण

दुखायला लागल्यावर गोळी शोधू नका, ठरलेल्या वेळेला घ्या. दुखणं आटोक्यात असेल तरच व्यायाम होतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतली तर उत्तम. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मात्रा मोठ्या माणसाला ४ ग्रॅम, म्हातारपणी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरा. मेडिकलमधून जास्तीची ‘पेनकिलर’ मागून घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या दोन गोळ्या एकत्र, त्यात मे महिना आणि पाणी कमी, असं झालं की किडनी अडचणीत येते. ट्रॅमाडॉलने गुंगी आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, आणि लागलंच तर इसबगोल.

बर्फ पातळ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेक नाही, तेल नाही, मालिश मुळीच नाही. पोटरीत गाठ झालेली असताना कुणी पाय चोळून दिला तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर हळद, लेप, कोरफड काही नको.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी. पाणी न लागणारी पट्टी असेल तर अंगावर पाणी घेता येतं, ती सुटलेली नाही ना हे आधी बघा. जखम पूर्ण भरल्याशिवाय विहिरीत, तलावात किंवा चंद्रभागेत उतरायचं नाही. भेटायला येणाऱ्यांना पलंगावर बसू देऊ नका, त्यांच्यासाठी वेगळ्या खुर्च्या मांडा.

जेवणाबद्दल घरोघर गैरसमज आहेत. ‘भात खाल्ला की पू होतो, दही-वांगं बंद’ असं सांगणारे येतील. भाताने पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो. जखम आणि स्नायू भरायला प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. आपल्या ताटात ते असं बसतं: एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम. ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, शेंगाचटणी आणि दही हे जेवण चांगलंच आहे, फक्त डाळ वाढवा आणि तिखट-तेल आवरा. किडनीचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

व्यायामात दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला हवा, सहा आठवड्यांत ११० च्या आसपास. हे घरीच रोज मोजता येतं: खुर्चीत बसून टाच किती मागे जाते ते फरशीच्या सांध्यावरून बघा. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. रात्रभर ठणकलं आणि सूज वाढली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्म्यावर आणा, पण बंद करू नका.

कशाला घाबरायचं, कशाला नाही

मांडीपासून घोट्यापर्यंत काळं-निळं होणं, संध्याकाळी सूज वाढणं, गुडघा काही महिने कोमट लागणं, वणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहणं, चालताना खट्ट वाजणं हे नेहमीचं आहे.

पुढचं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी सर्जनला गाठा: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पाच दिवसांनंतरही पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, पोटरी घट्ट होऊन दुखणं, आधी चालता येत होतं आणि आता पाय टेकवत नाही, खुबा बदलल्यावर पाय अचानक आखूड दिसणं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं तर फोनाफोनी नको, थेट १०८.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जखम ओली दिसली की गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. चार दिवस बरं वाटतं, जंतू आत दडतात, तपासणीत सापडत नाहीत, आणि सांधा वाचवायची वेळ निघून जाते. आधी सर्जनने बघायचं, गरज पडली तर सांध्यातलं पाणी तपासायला घ्यायचं, मगच औषध. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस हेही कार्डावर लिहून घ्या. गुडघ्याला सहसा दोन आठवड्यांच्या आसपास, खुब्याला महिनाभर किंवा थोडं जास्त दिली जाते.

पडून हाड मोडलं तर

इथे महिनाभराची तयारी नाही. म्हातारं माणूस पडलं, पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसतोय, उचलता येत नाही, तर खुबा मोडला असं धरून चाला. ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांत व्हावं. ‘वय झालंय, आता कशाला’ म्हणून पलंगावर ठेवलं की न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा गाठतात. ऑपरेशनचा मुख्य हेतू माणसाला पलंगावरून उठवणं हाच असतो.

हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या कामट्या करकचून बांधू नका. मोडलेल्या जागी सूज वाढते, आवळलेल्या पट्टीने रक्त थांबतं आणि हात किंवा पाय काळा पडतो. प्लास्टर घातल्यावरही हीच नजर ठेवा: गोळीने न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, बोटं दुसऱ्याने हळूच ताणली तरी किंकाळी, मुंग्या, बधिरपणा. यात काही तासच हातात असतात. रात्र असली तरी निघा. हाड कातडीबाहेर दिसत असेल तर स्वच्छ कोरडं कापड ठेवा, त्यावर हळद, चहापूड, राख काही टाकू नका.

रॉड किंवा प्लेट बसवली म्हणजे हाड जुळलं असं नाही. धातू फक्त हाडाला धरून ठेवतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी हाड जुळण्याआधी भार दिला की प्लेट तुटते. म्हणून डिस्चार्जला नेमका प्रश्न विचारा: पाय टेकवायचाच नाही, नुसती बोटं टेकवायची, अर्धा भार, की पूर्ण भार? अर्धा भार म्हणजे किती हे घरच्या वजनकाट्यावर उभं राहून शिकता येतं. मनगट साधारण ६ आठवड्यांत जुळतं, नडगीला ३-४ महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. यंत्रमागावर पूर्ण पाळी उभं राहणाऱ्याने कामावर जायची तारीख एक्स-रे बघूनच ठरवावी.

सहा आठवड्यांनंतर

उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर गाडी चालवायला साधारण ६ आठवडे थांबा, आणि अचानक ब्रेक दाबता येतो का हे उभ्या गाडीत तपासा. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणं त्याहूनही जास्त दिवस टाळा, तिथे धरायलाच काही नसतं. मांडी घालणं, गुडघे टेकणं, उकिडवं बसणं बदललेल्या गुडघ्याला शक्यतो टाळा; नमाज आणि पूजा खुर्चीवर बसून होते. विडीचं काम घरून करत असाल तर टेबल-खुर्ची मांडा आणि तासाला एकदा उठून चाला. पंढरीची वारी पायी करायची असेल तर त्याच वर्षी नको, आणि सर्जनने होकार दिल्यावरच. दोन-दोन किलोमीटरने वाढवत सराव करा.

दुसरा गुडघाही करायचा असेल तर मोजमाप केलेला पलंग, दांडी, कमोड तसेच राहू द्या. सांध्याच्या स्टिकरांचा फोटो काढून घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कागद कपाटात ठेवा. पुढे कधी दाताचं काम निघालं, पायात जखम होऊन पिकली किंवा विमानतळावर यंत्र वाजलं, तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.